प्लॅनचे पैसे जातात, पण सिंक होत नाही: कुठून तपासायचं आणि कुठे थांबायचं

गुगल वन, आयक्लाउड प्लस, मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांपैकी फोटो-फाइल ऑनलाइन (म्हणजे क्लाउडमध्ये) साठवणारी कोणतीही सेवा वापरत असाल, तक्रारी साधारण याच असतात:

- फोनवर "बॅकअप पूर्ण" दिसतं, पण लॅपटॉपवर शेवटचा फोटो तीन आठवड्यांपूर्वीचा.
- नवीन फोनमध्ये लॉगिन केल्यावर जुने नंबर आले, पण गेल्या वर्षभरात सेव्ह केलेले आलेच नाहीत.
- प्लॅन चालू असूनही "स्टोरेज फुल" ही सूचना रोज येते.
- जीमेलवर मेल येणं बंद झालं आणि पाठवणाऱ्याकडे मेल परत गेला.
- एकाच एक्सेल फाइलच्या दोन प्रती झाल्या, दोन्हीत वेगवेगळे आकडे.
- सिंकचं गोल चिन्ह तासन् तास फिरत राहतं.

यांतल्या बहुतेक तक्रारींत फोन बिघडलेला नसतो आणि कंपनीचा सर्व्हरही बंद नसतो. खातं चुकलेलं असतं, पैसे कापले गेलेले नसतात, जागा संपलेली असते किंवा माहिती मुळात क्लाउडमध्ये जाणारच नाही अशा ठिकाणी सेव्ह झालेली असते. म्हणून तपासणी याच क्रमाने करा.

हात लावण्याआधी

काहीही डिलीट करू नका, खात्यातून साइन आउट होऊ नका, फोन रीसेट करू नका. सिंक म्हणजे सगळ्या उपकरणांवर एकच अवस्था ठेवणं. त्यात नवा फोटो जसा सगळीकडे पोचतो, तसं डिलीट केलेलंही सगळीकडे पोचतं. जे अजून वर गेलेलंच नाही, त्याची एकमेव प्रत तुमच्या हातातल्या फोनमध्ये आहे. दुकानात "रीसेट मारून बघू" म्हणतात तेव्हा तीच प्रत जाते. रीसेटने सिंक सुरू होतंही कधीकधी, पण तोवर सिंक करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

१. ब्राउझरमध्ये उघडून बघा

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं, आणि निम्मा प्रश्न इथेच सुटतो. अॅप बाजूला ठेवा. संगणकाच्या ब्राउझरमध्ये फोटोज डॉट गुगल डॉट कॉम, काँटॅक्ट्स डॉट गुगल डॉट कॉम किंवा आयक्लाउड डॉट कॉम उघडा. ब्राउझरमध्ये दिसतं ते थेट सर्व्हरवरचं.

आता फोनवर "अअ चाचणी" नावाचा एक नंबर सेव्ह करा, वायफायवर असताना एक फोटो काढा आणि पाच मिनिटं थांबून ब्राउझर ताजा करा. चाचणी ब्राउझरमध्ये दिसली पण दुसऱ्या उपकरणावर नाही, तर बिघाड घेणाऱ्या बाजूला आहे. पहिल्या फोनला हात लावायचं कारण नाही. ब्राउझरमध्येही दिसली नाही, तर बिघाड पाठवणाऱ्या फोनवर किंवा खात्यात आहे. हे न ठरवता दोन्ही उपकरणांच्या सेटिंग बदलत बसलं की नंतर काय बदलल्याने काय झालं ते कोणालाच सांगता येत नाही.

आयफोनवर "अॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन" (डेटा अॅपललाही उघडता येणार नाही असं कुलूप) चालू असेल तर आयक्लाउड डॉट कॉमवर फोटो दिसत नाहीत. त्यात वेबवरून प्रवेश आपोआप बंद होतो. हा बिघाड नव्हे. अशा वेळी त्याच खात्याच्या दुसऱ्या अॅपल उपकरणावर चाचणी बघा.

२. खातं कोणतं?

भारतात एका अँड्रॉइड फोनवर दोन-तीन गुगल खाती असणं नेहमीचंच: एक स्वतःचं, एक ऑफिसचं, एक मुलाच्या शाळेच्या ऑनलाइन वर्गासाठी काढलेलं. प्रत्येक अॅप यांतलं कोणतंही एक धरून बसतं. फोटो मुलाच्या खात्यावर, नंबर स्वतःच्या खात्यावर आणि प्लॅन तिसऱ्याच खात्यावर, असा कारभार बऱ्याच घरांत असतो. पैसे नियमित जातात, पण वाढीव जागा भलत्याच खात्याला मिळते.

गुगल फोटोजमध्ये वर उजवीकडच्या गोल चित्रावर दाबा आणि खाली आलेला ईमेल पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. दोन पत्त्यांत एखाद्या बिंदूचा किंवा शेवटच्या आकड्याचाच फरक असतो. गुगल पत्त्यातला बिंदू मोजत नाही, आकडा मात्र मोजतो. मग वन डॉट गुगल डॉट कॉम उघडून त्याच पत्त्यावर प्लॅन दिसतो का ते बघा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आपलं नाव, त्याखाली आयक्लाउड.

घरचा सामायिक प्लॅन असेल तर आणखी दोन गोष्टी बघा. गुगल वनचा प्लॅन मुख्य सदस्याशिवाय आणखी पाच जणांना वाटता येतो, पण त्यासाठी प्लॅन घेणाऱ्याने कुटुंबासोबत शेअर करण्याचं बटण चालू करावं लागतं आणि बाकीच्यांनी आलेलं निमंत्रण स्वीकारावं लागतं. निमंत्रणाचा मेल "प्रमोशन्स"मध्ये पडून राहतो. दुसरं म्हणजे गुगलच्या कुटुंब गटातले सगळे एकाच देशातले लागतात. मुलगी न्यू जर्सीत आणि आईवडील सांगलीत असतील, तर तिथल्या प्लॅनमध्ये इथल्या खात्यांना घेता येत नाही. अशा घरांत आईवडिलांच्या खात्यावर इथला छोटा प्लॅन घेणं सोपं पडतं.

३. पैसे खरंच गेले का?

"ऑटोपे लावलंय" एवढ्यावर थांबू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या आवर्ती वसुलीसाठी नोंदवलेलं ई-मँडेट (पैसे आपोआप कापायला बँकेत दिलेली परवानगी) लागतं आणि पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने सूचना द्यावी लागते. ओटीपीशिवाय कापता येणारी मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. साठवणुकीचे घरगुती प्लॅन या मर्यादेत आरामात बसतात, त्यामुळे रक्कम हे कारण क्वचितच असतं. कारण असतं जुनं मँडेट. बँकेने नवीन कार्ड पाठवलं, नंबर बदलला, की आधीच्या कार्डावरचं मँडेट पुढे चालेलच असं नाही.

बँकेच्या अॅपमध्ये ई-मँडेटची यादी आणि यूपीआय अॅपमध्ये ऑटोपेची यादी उघडा. मँडेट थांबवलेलं, संपलेलं किंवा ज्यात शिल्लकच राहत नाही अशा खात्याशी जोडलेलं आहे का ते बघा. अॅपलने २०२२ मध्ये भारतातल्या खात्यांवर डेबिट-क्रेडिट कार्ड घेणं बंद केलं. तिथे यूपीआय, नेट बँकिंग किंवा अॅपल खात्यातली शिल्लक चालते. जुन्या कार्डावर विसंबून राहिलेल्यांचा प्लॅन असाच गळतो.

प्लॅन संपला म्हणून साठवलेलं लगेच उडत नाही. गुगलवर मोफत मर्यादेच्या वर गेलात की नवे फोटो चढत नाहीत आणि जीमेलवर मेल येणं थांबतं. आयक्लाउड पुन्हा ५ जीबीवर येतं आणि नवा बॅकअप थांबतो. घाई नाही, पण वर्षानुवर्षं दुर्लक्षही नको. खातं सलग दोन वर्षं मर्यादेबाहेर राहिलं तर त्यातला मजकूर काढून टाकण्याचा हक्क गुगलने राखून ठेवला आहे.

सिंक बंद दिसलं म्हणून दुसऱ्यांदा प्लॅन घेऊ नका. एक प्ले स्टोअरमधून आणि एक वेबसाइटवरून, असे दोन प्लॅन समांतर चालू असलेले लोक आहेत. अॅप काढून टाकल्याने वर्गणी रद्द होत नाही, हेही लक्षात असू द्या.

४. जागा: कोणती भरली?

फोनची जागा आणि क्लाउडची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०० जीबीचा प्लॅन घेतल्याने ६४ जीबीचा फोन २६४ जीबीचा होत नाही. "स्टोरेज फुल" ही सूचना कोण देतंय ते आधी वाचा: फोन, की खातं.

गुगलचे मोफत १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून आहेत. १ जून २०२१ च्या आधी कमी आकारात चढवलेले फोटो त्यात मोजले जात नाहीत, नंतरचे सगळे मोजले जातात. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅप बॅकअपही पूर्वी मोजला जात नसे. २०२४ पासून तोही याच जागेत धरला जातो. शुभप्रभातचे व्हिडिओ आणि लग्नाच्या ग्रुपवरच्या क्लिपा बॅकअपमध्ये घेतल्या असतील, तर एकटं व्हॉट्सअॅप निम्मी जागा खातं. व्हॉट्सअॅपच्या चॅट बॅकअपमध्ये "व्हिडिओ समाविष्ट करा" बंद केलं की पुढच्या बॅकअपपासून फरक दिसतो.

आयक्लाउडवर नेहमीचा गुन्हेगार म्हणजे विकून टाकलेल्या जुन्या आयफोनचा बॅकअप. आयक्लाउडच्या स्टोरेजमध्ये बॅकअपची यादी उघडा. त्या फोनमधलं सगळं नव्यावर आलंय याची खात्री झाली की तो काढायला हरकत नाही.

सगळ्यात महाग चूक इथे होते. फोनची जागा मोकळी करायला लोक गुगल फोटोजमध्येच फोटो निवडून डिलीट करतात आणि ते क्लाउडमधूनही जातात. फोटोजमध्ये त्यासाठी "फ्री अप स्पेस" नावाचं बटण आहे. ते वर चढलेल्या फोटोंची फक्त फोनमधली प्रत काढतं. आयफोनवर आयक्लाउड फोटोज चालू असताना असं बटणच नाही. तिथे "ऑप्टिमाइझ स्टोरेज" निवडायचं, म्हणजे मूळ फोटो वर राहतो आणि फोनमध्ये हलकी प्रत.

चुकून गेलंच असेल तर मुदतीत परत मिळतं. गुगल फोटोजच्या कचऱ्यात बॅकअप झालेले फोटो ६० दिवस राहतात. ड्राइव्ह, जीमेल आणि गुगल काँटॅक्ट्सच्या कचऱ्यात ३० दिवस. आयफोनच्या "रिसेंटली डिलीटेड"मध्येही साधारण तेवढेच. कचऱ्यातल्या वस्तूही जागा खातात, म्हणून "डिलीट केलं तरी जागा होत नाही" ही तक्रार आली की कचरा बघायचा. पण तो रिकामा करायचा तो एकेक बघूनच.

५. नेट, बॅटरी, घड्याळ

गुगल फोटोज सुरुवातीला वायफायवरच बॅकअप घेतं. घरी वायफाय नसेल आणि सगळं मोबाइल डेटावर चालत असेल, तर बॅकअपच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटाची परवानगी स्वतः द्यावी लागते. तिथे रोजची मर्यादाही ठरवता येते.

आधी हिशोब करा, मग संशय घ्या. ४० जीबी फोटो २ एमबीपीएस अपलोडने चढायला सलग ४४ तास लागतात, ५ एमबीपीएसने सुमारे १८. नेट विकणारा जो वेग सांगतो तो बहुधा डाउनलोडचा असतो, आपल्याला अपलोडचा हवा. फोरके व्हिडिओचं एक मिनिट आयफोनच्या नव्या पद्धतीतही साधारण १७० एमबी असतं. मुंजीचा तासाभराचा व्हिडिओ रांगेत पुढे असेल तर मागचे फोटो अडकल्यासारखेच दिसणार. हा बिघाड नाही, रात्रभर चार्जरला लावून ठेवायचं काम आहे.

रात्रभर ठेवूनही आकडा हलला नाही, तर बॅटरीची बंधनं बघा. शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी यांच्या फोनमध्ये स्क्रीन बंद झाली की अॅप मारून टाकण्याची सवय कडक असते. अॅपच्या माहितीत जाऊन बॅटरीसाठी "नो रिस्ट्रिक्शन्स" निवडा आणि ऑटोस्टार्ट चालू करा. खूण सोपी आहे: अॅप उघडं ठेवलं की बॅकअप चालतो, बंद केलं की थांबतो. आयफोनवर "लो पॉवर मोड" आणि "लो डेटा मोड" दोन्ही बंद करा. आयफोनच्या फोटोज अॅपमध्येच (जुन्या आवृत्त्यांत लायब्ररीच्या अगदी खाली) सिंक का थांबलंय ते लिहिलेलं असतं, पण तिथवर कोणी जात नाही.

अँड्रॉइडवर खात्यांच्या सेटिंगमध्ये "अॅपचा डेटा आपोआप सिंक करा" हे एक मुख्य बटण आहे. बॅटरी वाचवायला कोणीतरी कधीतरी बंद केलेलं असतं. तारीख-वेळही आपोआप घेण्यावर ठेवा. घड्याळ चुकलं की सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र फोनला अवैध वाटतं आणि एकही सेवा जोडली जात नाही.

व्हॉट्सअॅपवरून आलेले फोटो हा वेगळा मामला. अँड्रॉइडवर गुगल फोटोज फक्त कॅमेऱ्याचा फोल्डर आपोआप घेतं. व्हॉट्सअॅप इमेजेसचा फोल्डर हवा असेल तर बॅकअप सेटिंगमध्ये तो निवडावा लागतो.

६. नंबर मुळात सेव्ह कुठे झाला?

"जुने नंबर आले, नवे आले नाहीत" याचं उत्तर जवळजवळ नेहमी इथे सापडतं. अँड्रॉइडवर नंबर सेव्ह करताना तो चार ठिकाणी जाऊ शकतो: गुगल खातं, सिम, फोन, किंवा सॅमसंग-शाओमीसारख्या कंपनीचं स्वतःचं खातं. फोनबुकमध्ये चारही एकत्र दिसतात, म्हणून फरक कळत नाही. पण गुगलकडे फक्त गुगल खात्यातलेच जातात. एकदा कधी सेव्ह करताना "फोन" निवडला गेला की फोन तीच निवड लक्षात ठेवतो आणि पुढचा प्रत्येक नंबर तिथेच टाकतो.

सिमवरचे नंबर तर आणखी अडचणीचे. सिमवर साधारण अडीचशे नोंदी मावतात, एका नोंदीत सहसा एकच नंबर, आणि नावाला जागा थोडी. देवनागरी नावाला रोमनपेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे "सुनंदा मावशी नाशिक"मधलं नाशिक गळतं आणि मग तीन सुनंदा मावश्या दिसतात.

आधी काँटॅक्ट्स अॅपमधून सगळे नंबर एका व्हीसीएफ फाइलमध्ये (नंबरांची यादी साठवणारी फाइल) एक्सपोर्ट करा आणि ती फाइल स्वतःला मेल करा. मग अॅपच्या सेटिंगमध्ये नव्या नंबरांसाठी मूळ ठिकाण म्हणून गुगल खातं निवडा. त्यानंतर सिमवरून इंपोर्ट, आणि फोनमधले नंबर गुगल खात्यात हलवणं. शेवटी ब्राउझरमध्ये काँटॅक्ट्स डॉट गुगल डॉट कॉम उघडून "मर्ज अँड फिक्स" चालवा. नंबर दुहेरी होतीलच. ते आधी होऊ द्या, मग एकत्र करा. आधीच हाताने दुहेरी नंबर काढत बसलात तर कोणती प्रत सिममधली आणि कोणती गुगलमधली हे ओळखू येत नाही, आणि नेमकी गुगलमधली जाते.

सगळा घोळ झाला तर याच वेबसाइटच्या सेटिंगमध्ये "अनडू चेंजेस" आहे. ३० दिवसांपर्यंतच्या कोणत्याही वेळेच्या अवस्थेवर परत जाता येतं. मधल्या काळात आलेले नवे नंबर आधी एक्सपोर्ट करून ठेवा.

७. संगणकावर

नव्या विंडोज संगणकावर वनड्राइव्ह डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वर चढवायला घेतं. मोफत जागा ५ जीबी, त्यामुळे ती आठवड्यात भरते आणि मग सगळंच सिंक थांबतं. सेटिंगमध्ये कोणते फोल्डर जातात ते ठरवा.

एकच फाइल अडली असेल तर नाव बघा. तारा (*), प्रश्नचिन्ह, विसर्गासारखं दिसणारं कोलन, तिरकी रेघ ही चिन्हं नावात असतील तर वनड्राइव्ह ती फाइल घेत नाही. "बिल १२/४" असं नाव मॅकवर चालून जातं आणि इथे अडतं. फोल्डरांत फोल्डर घालून पूर्ण मार्ग ४०० अक्षरांवर गेला तरी तेच.

दोन प्रती होतात त्या दोन उपकरणांवर एकाच वेळी बदल केल्यामुळे. सेवा दोन्ही बदल जपते आणि दुसऱ्या प्रतीच्या नावात उपकरणाचं नाव किंवा "कॉन्फ्लिक्टेड कॉपी" असं जोडते. घाईने एक प्रत उडवू नका. दोन्ही उघडून आकडे ताडा.

टॅलीचा चालू डेटा किंवा आउटलुकची पीएसटी फाइल (संगणकावर मेल साठवणारी) सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. या फाइल काम चालू असताना सतत बदलतात. सिंक त्यांची अर्धवट अवस्था उचलतं आणि मग डेटा उघडतच नाही. टॅली बंद करून घेतलेला बॅकअप तिथे ठेवा.

८. शेवटचे उपाय

अॅप अपडेट करा, फोन बंद-चालू करा, अॅपची कॅशे (अॅपने साठवलेली तात्पुरती माहिती) साफ करा. कॅशे साफ करणं सुरक्षित आहे. "डेटा साफ करा" हे वेगळं बटण आहे. "काँटॅक्ट्स स्टोरेज"चा डेटा साफ केला तर फोनमध्ये सेव्ह केलेले नंबर जातात. ते बटण दाबू नका.

खातं काढून पुन्हा जोडणं हा उपाय लागू पडतो, पण वर न गेलेलं सगळं त्यात जाऊ शकतं. म्हणून आधी फोटो केबलने संगणकावर उतरवा, नंबरांची व्हीसीएफ फाइल बाहेर ठेवा, नोट्सची प्रत घ्या, आणि मगच खातं काढा. व्हॉट्सअॅपचा बॅकअप वेगळा घ्या. अँड्रॉइडवर घेतलेला गुगलमधला बॅकअप आयफोनवर उघडत नाही. त्यासाठी हलवण्याची वेगळी पद्धत आहे, आणि ती करेपर्यंत जुना फोन पुसू नका.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

फोन चालूच होत नसेल, पाण्यात पडला असेल किंवा बॅटरी फुगली असेल आणि डेटा वर गेला नसेल, तर चार्जर लावून वारंवार प्रयत्न करू नका. डेटा परत काढणाऱ्याकडे जा आणि आधीच सांगा की फोन दुरुस्त नाही झाला तरी चालेल, डेटा हवा. हे न सांगितल्यास दुरुस्तीवाला सरळ बोर्ड बदलतो, आणि डेटा जुन्या बोर्डावर असतो.

ऑफिसचं खातं असेल तर ऑफिसच्या आयटी विभागाला सांगा. तिथली बंधनं प्रशासकाने घातलेली असतात, तुमच्या फोनवरून ती निघत नाहीत.

पासवर्ड विसरलात तर ज्या उपकरणावर आणि ज्या वायफायवर नेहमी लॉगिन असायचं, तिथूनच खातं परत मिळवण्याचा अर्ज करा. अॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन चालू असताना पासवर्ड, उपकरणाचा पासकोड, रिकव्हरी की (खातं उघडायचा लांब कोड) आणि रिकव्हरी काँटॅक्ट (मदतीसाठी नेमलेली ओळखीची व्यक्ती) यांपैकी काहीच हाती नसेल, तर तो डेटा अॅपलही उघडू शकत नाही. कोणी पैसे घेऊन उघडून देतो म्हणाला तर तो फसवतोय.

खात्यात अनोळखी उपकरण दिसलं, तर सिंकचा विचार सोडा. सुरक्षित उपकरणावरून पासवर्ड बदला आणि बाकी सगळी उपकरणं साइन आउट करा. वर न गेलेल्या चार फोटोंपेक्षा खातं ताब्यात राहणं महत्त्वाचं.

"कस्टमर केअर"चा नंबर गुगलवर शोधून फोन लावू नका. शोधात वर येणारे बरेच नंबर भामट्यांचे असतात. मदत अॅपच्या आतल्या हेल्प विभागातूनच घ्या. समोरचा स्क्रीन शेअरिंगचं अॅप टाकायला लावत असेल, ओटीपी मागत असेल किंवा "रिफंडसाठी" यूपीआय पिन टाकायला सांगत असेल, तर फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा, जितकं लवकर कळवाल तितकी ती रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

जाणकाराकडे जाताना खात्याचा ईमेल पत्ता, प्लॅनची शेवटची पावती, शेवटचा फोटो ब्राउझरमध्ये कोणत्या तारखेचा दिसतो ती तारीख आणि आतापर्यंत काय काय बदललं, एवढं कागदावर लिहून न्या. पासवर्ड लिहून देऊ नका. तो टाकायचा असेल तिथे स्वतः टाका.